दुसऱ्या लिंकवरचा पीअर

"ताई, बॉक्स बदलले, वायर बदलली. आता काय, मीच बदलू?" स्पीकरवर प्रीतमभाऊ वैतागले होते. मोऱ्यात त्यांची केबल चालते. आमच्या इंटरनेट कंपनीच्या शिरवण्याच्या ऑफिसातून त्यांच्याकडे दोन लिंक जातात: एक इंटरनेटसाठी, दुसरी फक्त टीव्ही चॅनलसाठी. आठवडाभर चॅनल दिसत नव्हते.

विश्वजित सरांनी मला खूण केली. 'दोष तुमच्या बाजूला आहे' हे वाक्य मी म्हणायचं होतं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं आणि नोकरी पक्की करायची सही सरांचीच.

पण दोष कुठे आहे ते सकाळीच मला दिसलं होतं. दोन राउटर एकमेकांचे पीअर, म्हणजे एकमेकांना मार्ग सांगणारे जोडीदार झाले, तरी ते सगळ्याबद्दल बोलतात असं नाही. साध्या रहदारीचे मार्ग ही एक ॲड्रेस फॅमिली, एकच प्रवाह अनेकांना वाटणाऱ्या मल्टिकास्टची दुसरी, आणि तिच्यात पीअर वेगळा चालू करावा लागतो. प्रीतमभाऊंनी केला होता, आम्ही नाही. त्यामुळे त्यांच्या राउटरकडे मल्टिकास्टचे मार्गच नव्हते. दुसऱ्या लिंकने चॅनल आला की राउटर साध्या मार्गांत बघायचा, 'हा तर पहिल्या लिंकने यायला हवा' असं ठरवायचा आणि पॅकेट टाकून द्यायचा.

आमच्याकडे नवा पीअर जोडताना जुन्याचं कॉन्फिग कॉपी करून फक्त पत्ता बदलतात. या वेळी सरांनी निव्वळ इंटरनेटवाल्या ग्राहकाचं उचललं होतं.

"प्रीतमभाऊ," मी म्हणाले, "चूक आमची आहे."

सरांनी म्यूट दाबला. "वेड लागलंय? मी वर सांगून बसलोय, क्लायंटचा प्रॉब्लेम म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं. रविवारी गुपचूप करून टाकू. फॅमिली वाढवली की सेशन पडतं, दोन्ही राउटरचं बोलणंच तुटतं."

"दुसऱ्या लिंकवरचं पडेल. त्यांचं नेट पहिल्या लिंकवर आहे. आणि रविवारपर्यंत त्यांनी गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या?"

"मनस्वी, तुझी सही माझ्याकडे अडकलीय."

"माहीत आहे." मी म्यूट काढला. "भाऊ, चॅनलच्या लिंकवरचं सेशन आत्ता पडून परत उठेल. नेट चालू राहील. करू?"

"करा ना ताई! हितं बंदच हाय, अजून काय पडनार?"

"सर, मंजुरी द्या. नाहीतर नाही म्हणा, त्यांना ऐकू येईल असं."

सरांनी स्पीकरकडे बघितलं. मग म्हणाले, "कर. बदलाच्या नोंदीत नाव तुझं टाकतो."

"टाका. कारण पण खरं टाका."

मी मल्टिकास्ट फॅमिलीत पीअर ॲक्टिव्हेट केला. सेशन पडलं. सर पेनचं टोपण काढत-लावत होते. सेशन उठलं, आणि मल्टिकास्टच्या रकान्यात आमचे मार्ग त्यांच्याकडे जाताना दिसले.

"आला!" पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला. "ताई, आवाज येतंय का? म्हावरं घेऊन जा कवातरी!"

फोन बंद झाल्यावर सरांनी लॅपटॉप मिटला. "सोमवारी एचआरकडे ये. कन्फर्मेशनचं बोलू."

"सोमवार कशाला?" मी खुर्ची मागे सरकवली. "आत्ताच चला. आपल्या बाजूला काय बंद होतं ते दाखवणारी सेशनची नोंद माझ्याकडे उघडीच आहे."