एक आड एक आरा

आश्रुबा शिडीवरून उतरला, चार पावलं मागं सरला आणि त्यानं भिंतीवर रंगवलेल्या चाकाचे आरे मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीसच.

आबासाहेबांच्या नव्या डाळ गिरणीचं चिन्ह होतं ते. भिंतीवर मोठं, पोत्यावर लहान. आबासाहेबांना त्यात बैलजोडी, तुरीची शेंग आणि वर उगवता सूर्यही हवा होता. चिन्हात भाराभर कोंबलं की काहीच दिसत नाही, असं सांगून आश्रुबानंच त्यांना अदबीनं नुसत्या गाडीच्या चाकावर आणलं होतं. दिवस वाईट होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन पंधरवडा झाला नव्हता आणि दोन कोसांवरच्या गावात बौद्धवाडा जळाला होता. म्हणून निळ्या रंगाचा डबा घरीच ठेवून त्यानं वालूरच्या बाजारातून लाल आणला. इतकं ताकही फुंकून प्यायलं, आणि हातानंच दगा दिला! दर चौदा एप्रिलला विहाराच्या भिंतीवर अशोकचक्र काढून त्या मेल्या हाताला चोवीसचीच सवय. गाडीच्या चाकाला बारा आरे असतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

घरी कमलबाई होती, दोन लेकरं होती. छप्पर गवताचं होतं.

त्यानं घाईनं पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, तोच आबासाहेब चारपाच जणांना घेऊन आले. उद्या उद्घाटन होतं. त्यांच्यातला सूर्यभान थांबला आणि मान वर करून बघत राहिला.

"हे चाक कशाचं म्हनायचं?"

आश्रुबानं ब्रश डब्यातच राहू दिला.

"गाडीचं, दुसरं कशाचं?" आबासाहेब म्हणाले. "पण लय गिचमिड केलंय यानं. पोत्यावर नुसता डाग उठंल. आश्रुबा, एक आड एक आरा बुजीव."

सूर्यभान पेंटरच्या अकलेवर काहीतरी बोलला, सगळे हसले आणि चहाला गिरणीत गेले. आश्रुबाला तो अपमान गोड लागला. मालकाला फक्त गिचमिड दिसली, वाचलो, असं म्हणत तो शिडी चढला.

पाचसहा आरे बुजवून झाले असतील. आबासाहेब एकटेच बाहेर आले आणि शिडीपाशी उभे राहिले.

"चोवीस होते," ते हळूच म्हणाले. "मघाशीच मोजले मी."

आश्रुबाचा ब्रश थांबला.

"खालचा लाल दिसायलाय अजून. आणखी एक हात मार. लवकर."

तो पुन्हा रंगवू लागला. शिडी थरथरत होती. आपलेच पाय कापतायत असं वाटून त्यानं ते पायरीवर घट्ट रोवले, तरी थरथर थांबेना. त्यानं खाली पाहिलं.

आबासाहेबांनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती आणि ते गिरणीच्या दाराकडं बघत होते.