माणिकबाबांचा पोहणारा खडा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या माना ज्याच्यासाठी उंचावल्या होत्या तो होता वाटाण्याएवढा लाल खडा. काचेच्या वाडग्यात पाणी, पाण्यावर बुचाची चकती, चकतीवर तो. आपण मनगट वाडग्याला टेकवायचं, माणिकबाबांनी ते उजव्या हाताने धरून डोळे मिटायचे, की खडा डुलत डुलत मनगटाकडे यायचा. ज्याच्याकडे आला त्याचं रक्त कमी. आणि तो आला नाही असा माणूस अजून निघाला नव्हता. माझ्या मांडीवरच्या सहा महिन्यांच्या लेकाकडेही तो मोठ्या आपुलकीने आला. लेकाने त्याला तोंडात घालायचा प्रयत्न केला.

"सजीव माणिक आहे," बाबा म्हणाले, "रक्ताची हाक ऐकतं."

मला हसू आलं असतं, पण शेजारी धाकटी जाऊ बसली होती. सातवा महिना, हिमोग्लोबिन आठ. हे असंच राहिलं तर बाळंतपणात थोडासा रक्तस्रावही जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लोहाच्या गोळ्यांनी मात्र तिला मळमळायचं. बाबांनी गोळ्या बंद करून खडा गळ्यात बांधायला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा एकदम खुलला. गोळ्या सोडू नकोस म्हटलं, तर माझं ती ऐकेना.

शेवटी मी नणंदेला फोन लावला. ती कारखान्यात पोलाद कापायचं मशीन चालवते. जबर दाबाची पाण्याची धार आणि तिच्यात मिसळलेली लाल वाळू. बोटभर जाड प्लेट लोण्यासारखी कापली जाते. ती कामावरून तशीच आली, भुवयांवर लाल धूळ घेऊन. तिने आधी खडा पाहिला, मग बाबांच्या उजव्या हातातली भली जाड अंगठी.

"हा तर आमचा गार्नेट," ती म्हणाली, "आमची लाल वाळू याच दगडाची."

असं रत्न शंभर वर्षांतून एकदाच धरतीच्या पोटातून वर येतं, असं बाबांनी तिला सुनावलं.

"आमच्याकडे दर सोमवारी ट्रकने येतं."

तिने खिसा उलटा केला. निघालेली चिमूटभर वाळू बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणात घालून वाडग्यात सोडली आणि बाबांना मनगट धरायला सांगितलं. बाबा म्हणाले, आज माणिक थकलं आहे. पण जावेनेच भाबडेपणाने मनगट पुढे केलं, "धरा ना बाबा." बाबांना धरावंच लागलं, आणि झाकण डुलत डुलत आलं. मग नणंद म्हणाली, आता डाव्या हाताने. झाकणही हललं नाही, माणिकही नाही.

अंगठी काढा म्हटल्यावर कळलं, की ती तपश्चर्येने बोटात रुजली आहे. बाबा तरातरा उठले, तोल सावरायला त्यांनी लोखंडी खुर्ची धरली आणि अंगठी तिला टक्कन चिकटली. सोडवायला दोन झटके लागले.

नणंदेने मग आपलीच फजिती सांगितली. नवी असताना वापरलेल्या वाळूतला पोलादाचा कीस काढायला तिने सर्वांत जबर चुंबक फिरवलं. साध्या चुंबकाने नुसता कीस निघाला असता. याने वाळूही ओढली आणि अर्धी बादली चांगला माल कचऱ्यात गेला. आठवडाभर सगळे तिला चुंबकबाई म्हणत होते. गार्नेटमध्ये लोह असतं ना, आणि बाबांच्या अंगठीत तसलंच जबर चुंबक.

"म्हणजे लोह आहेच की त्यात," जाऊ हळूच म्हणाली.

"आहे. पण दगडात कुलूपबंद. गळ्यात बांध नाही तर गिळ, रक्तात कणभर उतरायचं नाही. पोलाद कापायला, घासकागदाला, पाणी गाळायला याच्यासारखा दुसरा नाही. पण तुझं बाळ काही पोलादाचं नाही गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. मळमळतं हे जावेने तिथे कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून. त्या रागावल्या नाहीत. गोळी बदलून दिली, जेवणानंतर घ्यायला सांगितली. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं, आणि आता आमच्या घरात रडणारी दोन बाळं आहेत.

म्हणून सांगते, त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा, आणि चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा. खऱ्या गोष्टीला प्रश्नांची भीती नसते.