टेबलावरचं टपाल

सासऱ्यांनी मेल उघडला की आमच्या कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरतो, की शेजारीण विचारते, पिठाची गिरणी घेतलीत का. त्याच कॉम्प्युटरवर मी छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावते. त्या दिवशी घरात मासे कसे पाळावेत, याचं पुस्तक संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. छापखानेवाल्यांनी सकाळीच बजावलं होतं, "आज आलं नाही तर पुढची सगळी कामं दुसरीकडे देईन." आणि माझा सोनेरी मासा अर्धी शेपटी दाखवून पडद्यावर जो अडकला, तो हलेचना.

पाहिलं, तर जवळपास सगळी मेमरी मेलच्या प्रोग्रॅमनं गिळली होती.

"बाबा, मेल बंद करू?"

"नको. पोच यायचीय."

सासरे आयुष्यभर आवक-जावक विभागात होते. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच द्यायची आणि पाठवलेल्या पत्राला उत्तर येईपर्यंत त्याची प्रत टेबलावरून हलवायची नाही, हा तिथला नियम. इनबॉक्सलाही त्यांनी तोच लावला. पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत स्वतःला. चपलांच्या जाहिरातीलाही, "आपले पत्र मिळाले, आभारी आहे." पाणीपुरवठा कार्यालयाच्या यंत्राशी तर त्यांची जुंपलीच होती. यंत्र कळवायचं, आपला मेल मिळाला. हे कळवायचे, मिळाल्याचे कळले. यंत्र पुन्हा कळवायचं. दोघांपैकी कोणीच माघार घेईना.

"अहो, ते यंत्र आहे," मी म्हणाले.

"असेल. पण रीत पाळतं."

आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "बाबांना दुखवू नकोस." स्वतः मात्र जागचे हलले नाहीत. मी राग गिळला.

"बाबा, मी काहीही फेकत नाही. जुने मेल वर्षावर्षाच्या फोल्डरमध्ये सर्व्हरवर राहतील. हवे तेव्हा उघडा. या कॉम्प्युटरवर फक्त चालू काम ठेवू."

'चालू काम' म्हटल्यावर ते विरघळले. खुर्ची ओढून शेजारी बसले. "ज्यांचं काम संपलं ते उचल, सूनबाई. उत्तर न आलेलं टेबलावरच राहील."

मेल नावांप्रमाणे लावले, तसे गठ्ठेच्या गठ्ठे एकदम उचलता येऊ लागले. चपलावाले गेले, विमावाले गेले. पाणीपुरवठ्याचा गठ्ठा हलता हलेना, तेव्हा सासरे म्हणाले, "सांभाळून, जड आहे." मग मी प्रोग्रॅमला मोकळी झालेली जागा आवळून घ्यायला लावली आणि एकूण एक मेल सतत चाळत बसायची त्याची खोडही मोडली. पंखा मंदावला, मग थांबला. घरात अशी शांतता पसरली की आमचे हे दचकून उठून बसले.

मासा शेपटीसकट उमटला. उरलेली पानं भराभर लावली आणि पुस्तक पाठवून दिलं. "मिळालं. पुढचं उद्या पाठवतो," असं छापखान्याचं उत्तर आलं, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

"आता माझं टेबल दाखव," सासरे म्हणाले.

इनबॉक्स क्षणात उघडला. मोजकेच मेल उरले होते आणि सगळे एकाच नावाला लिहिलेले. माझे मोठे दीर दूरदेशी असतात, त्यांना पाठवलेल्या मेलच्या प्रती होत्या त्या. खोकला बरा झाला का. नवं घर कसं आहे. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. एकालाही उत्तर आलेलं नव्हतं.

"गर्दीत एवढे जाणवले नव्हते," सासरे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आमच्या ह्यांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी फोन लावला.

"भावोजी, तुमच्यामुळे आमचा कॉम्प्युटर अडलाय."

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"काहीच केलं नाहीत, म्हणूनच अडलाय. बाबांच्या टेबलावर आता फक्त तुम्ही उरलाय. उत्तर येईपर्यंत ते तुम्हाला उचलू देणार नाहीत."

मग भावोजी अगदी हळू म्हणाले, "बाबांना दे जरा."

सासऱ्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. घसा खाकरला.

"बोल रे," ते म्हणाले. "पण उत्तर लेखी लागेल."