उलट पावली आलेली जीप

सासूबाईंना काय म्हणायचं, हा प्रश्न जावयाला लग्न झाल्यापासून सुटला नव्हता. 'आई' म्हणायला जीभ रेटत नव्हती, 'बाई' म्हणणं परकं वाटे, आणि 'मॅडम' म्हणायला तो काही त्यांच्या हाताखालचा कंपाउंडर नव्हता. तेव्हा त्याने हाक न मारताच बोलायची युक्ती काढली होती. चहा तयार असला की भिंतीकडे बघून "चहा झालाय" म्हणायचं. सासूबाई दुसऱ्या खोलीत असल्या तर आधी खोकायचं आणि मग बोलायचं. त्याला बारमाही खोकला आहे, अशी सासऱ्यांची समजूत झाली होती.

सासूबाईही काही कमी नव्हत्या. जावई दातांचा डॉक्टर, त्या स्वतः निवृत्त झालेल्या जनावरांच्या डॉक्टर. त्यामुळे त्या त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि अहो-जाहो करत. दोघांचं एकमेकांशी इतकं अदबीने चाले की बायकोला वाटे, हे दोघं एखाद्या बँकेच्या काउंटरवर भेटलेत.

सासूबाईंची जीप जावयापेक्षा वयाने मोठी होती. पशुसंवर्धन खात्याने जुन्या गाड्या मोडीत काढल्या तेव्हा त्यांनी ती घेतली. तिला घेऊन त्या डोंगरातल्या कुरणांवर फिरल्या आणि तिच्याच दिव्यांच्या उजेडात त्यांनी अडलेल्या गायी सोडवल्या. तिच्या स्टिअरिंगला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पण त्या रविवारी त्यांचं मनगट मुरगळलेलं होतं आणि टेकडीवरच्या पठारावर जायचं आधीच ठरलेलं होतं. नाइलाजाने त्यांनी किल्ली जावयाच्या हातावर ठेवली.

"हळू टाका गिअर," त्या म्हणाल्या. "तिला घाई आवडत नाही."

जावयाने घाई अजिबात केली नाही. तरी शेवटच्या चढावर पहिला गिअर टाकला आणि बुडाखाली कडाड्‌कन आवाज झाला. मग कुणीतरी दगड चावतंय अशी घरघर झाली आणि गाडी मागे सरकायला लागली. त्याने ब्रेक दाबला आणि हँडब्रेक ओढला.

"मी नेहमीसारखाच टाकला होता," तो समोरच्या काचेला म्हणाला.

"जरा गप्प बसा. ऐकू द्या." सासूबाईंनी मान तिरकी केली. गाईच्या पोटाला कान लावताना त्या अशाच दिसत असाव्यात. त्यांनी त्याला एकेक गिअर टाकून बघायला लावला. "पहिला गेला. दुसरा-तिसरा अडकलाय, हलत नाही. रिव्हर्स टाका बघू."

रिव्हर्स लोण्यासारखा पडला.

मग काय, जीप उलट पावली घरी निघाली. टेकडी उतरली, पूल ओलांडला आणि बाजारपेठेतून पाठमोरी चालू लागली. जावयाची मान पिळून निघाली. सासूबाई सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसल्या आणि "डावीकडे, अजून डावीकडे, तो सायकलवाला जाऊ द्या" अशा सूचना देत राहिल्या. मागच्या बाकावरची बायको आता सगळ्यांच्या पुढे होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चौकातल्या पोलिसाने थांबवायला हात वर केला, थोडा विचार केला आणि खाली घेतला. या गुन्ह्याला कोणता नियम लावावा, हे त्याला सुचलं नसावं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला घरी येऊन गाडी बघून गेला. या गिअरबॉक्सचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, तो म्हणाला. दुसऱ्या गाडीचा बसवून देतो, नाही तर एखाद्या हॉटेलवाल्याला दारात ठेवायला देऊन टाका, लोक फोटो काढतील.

सासूबाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "आपणच उघडू," त्या परत येऊन म्हणाल्या.

या 'आपण'मध्ये कोण कोण येतं, हे जावयाने इकडेतिकडे बघून ताडलं. सासरे लगबगीने वर्तमानपत्रामागे गेले होते. बायको फोनवर बोलत असल्याचं नाटक करत होती. उरला तो एकटाच. शिवाय मोडली तेव्हा गाडी त्याच्याच हातात होती, त्यामुळे तोंड वर करून नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढच्या सुट्टीला तो जुना शर्ट घालून हजर झाला. सासूबाईंचं मनगट अजून पट्टीत होतं, म्हणून गाडीखाली तोच शिरला. गंजलेले बोल्ट काही केल्या हलेनात. सासूबाई वरून बॅटरी धरून सांगत, "जोर लावू नका, आधी तेल पाजा, मग वाट बघा." शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा गिअरबॉक्स त्याच्या छातीवर घातलेल्या जुन्या गादीवर अलगद येऊन बसला आणि त्याचा श्वास अडकला.

"लागलं का?" वरून आवाज आला.

"नाही. पण हा माझ्यावर झोपलाय."

बायकोच्या मदतीने त्यांनी ते धूड घरात आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खाली चादर अंथरली होती, तरी सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून ते ताट मांडीवर घेऊन खिडकीत जेवू लागले. भाजीत ऑइलचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. पण जेवून झालं की तेच आधी टेबलाशी येऊन उभे राहत.

झाकण काढलं तेव्हा आतलं ऑइल चांदीसारखं चकाकत होतं. त्यात लोखंडाचा चुरा होता. तळाशी चार गिअरांचा एकसंध तुकडा आडवा बसवलेला होता. सगळे गिअर त्याच्याच जोरावर फिरतात. त्याच्या एका चाकाचे निम्मे दाते उडाले होते, आणि उडालेला एक तुकडा वर जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये पाचरीसारखा रुतला होता.

"हे तर तुमच्याच खात्यातलं काम दिसतंय," सासरे जावयाला म्हणाले.

जावयाने पिशवीतून दवाखान्यातला छोटा आरसा काढला, आत सरकवला आणि रोजच्या सवयीने बोलून गेला, "मागच्या दाढा मुळापासून गेल्यात. शेजारच्यांना तडे आहेत. चांदी भरून भागणार नाही, सगळी कवळीच बदलावी लागेल."

सासूबाई हसल्या. नुसत्या गालात नाही, टेबलाला धरून हसल्या. जावयाने आरसा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली, कारण त्याचे कान गरम झाले होते.

कवळी कुठून आणायची, हे सासूबाईंनाच आठवलं. शहराबाहेर एक कोंबड्या पाळणारा होता. त्याच्या बापाच्या गायी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्याच्या आवारात अगदी अशीच एक जीप झाडाखाली कुजत पडली होती. जावयाच्या गाडीतून दोघं तिकडे गेले. जीप होती, पण तिचं खुराडं झालं होतं. टपावर दोन कोंबड्या, मागे पाच-सहा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"गिअरबॉक्स खुशाल न्या," कोंबडीवाला म्हणाला. "फक्त तिला उठवायचं नाही. एकदा उठली की परत बसत नाही."

"खालून काढू," सासूबाई म्हणाल्या. "तुमची कोंबडी आणि आमचे डॉक्टर, दोघांना सवय आहे शांत बसायची."

जावई पुन्हा गाडीखाली गेला. या वेळी पाठीखाली सगळी कोंबड्यांची घाण. प्रत्येक बोल्ट त्याने झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा सोडवला. कधी पाना निसटला की वरून 'क्क्क' असा नापसंतीचा आवाज येई आणि तो थिजून जाई. सासूबाई सीटशेजारी उकिडव्या बसून कोंबडीशी हळू आवाजात बोलत होत्या. काम संपेपर्यंत कोंबडी जागची हलली नाही. निघताना कोंबडीवाल्याने जावयाला बाजूला घेऊन तोंड उघडून दाखवलं. त्याच्या अक्कलदाढेला कीड लागली होती. "उद्या दवाखान्यात या," जावई म्हणाला, "आणि आज गोड खाऊ नका."

घरी येऊन तो गिअरबॉक्स उघडला. वरचं सगळं गंजून गेलेलं होतं. पण तळाचा तुकडा इतकी वर्षं ऑइलमध्ये बुडालेला राहिला होता. पुसल्यावर त्याचे दाते असे चमकले की सासरे वर्तमानपत्र टाकून उठले.

आता खरी कसोटी होती. त्या तुकड्याच्या पोटात सुईसारख्या बारीक लोखंडी कांड्या गोल रचायच्या, ग्रीसने चिकटवायच्या, आणि मग त्यांना धक्का न लावता आरपार दांडा सारायचा. एक कांडी पडली की सगळं पहिल्यापासून. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा रचून झाल्या आणि सासऱ्यांना शिंक आली. त्यांची रवानगी बागेत झाली.

मग जावयाने दवाखान्यातला चिमटा घेतला आणि एकेक कांडी बसवू लागला. बरं झालेलं मनगट टेबलावर टेकवून सासूबाई दांडा इंचाइंचाने पुढे सारत होत्या. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं बोटांना कळत होतं. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून त्यांनी हेच केलं होतं आयुष्यभर. दोघांची डोकी एकमेकांना लागली होती.

"अरे, तिकडे नाही, इकडे बघ. खालून दाब."

"थांबा आई, एक आडवी झालीय. आता सारा."

"सारू?"

"सारा."

दांडा आत गेला. टक्‌ असा छोटासा, भरीव आवाज आला. सासूबाईंनी बोटाने गिअर फिरवला. तो बिनआवाज फिरला आणि फिरतच राहिला.

दारात चहाचा ट्रे घेऊन बायको उभी होती. काय बोललं गेलंय ते त्या दोघांच्या ध्यानातही आलं नव्हतं, पण तिच्या आलं होतं. ती ट्रे ठेवून पुन्हा आत गेली आणि सगळ्यांसाठी अंडी उकडायला टाकली.

पुढच्या रविवारी गिअरबॉक्स गाडीत बसला. चौघंही पठारावर निघाले. त्या चढाशी आल्यावर सासूबाईंनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि जीप हूं म्हणत वर चढली. सासरे मागून म्हणाले, "चांगली चढते हो." मग पठारावर जेवण झालं, वारा खाऊन झाला, आणि सासरे गवतावर आडवे होऊन घोरले.

परतताना सासूबाई स्टिअरिंगकडे गेल्याच नाहीत. किल्ली जावयाकडे टाकून त्या शेजारच्या सीटवर बसल्या. "चालव तू," म्हणाल्या. "मी जेवलेय पोटभर."

जावयाने जीप उताराला लावली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. एकही सूचना आली नाही. त्याने बिचकत शेजारी बघितलं. सासूबाईंची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि त्या गाढ झोपल्या होत्या. मागून बायको त्याच्या कानाशी वाकली.

"दुसऱ्याच्या हातात गाडी असताना ही कधी झोपत नाही," ती कुजबुजली. "बाबांच्या हातातसुद्धा नाही."

पुढे तीव्र वळण होतं. त्याने क्लच दाबला आणि दुसरा गिअर टाकला, त्यांना जाग येणार नाही इतक्या बेताने.