मऊ कडा

तिपाईचा तिसरा पाय ओल्या मातीत दाबून बसवताना मास्तर म्हणाले, "शाल पांघर आणि नीघ. उजेड काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

लाल शाल तिच्या हातावर होती, घडी न मोडलेली. समोर तळं, तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक बसकट खडक, आणि त्याच्या कितीतरी मागे, अजून रात्रीचाच रंग अंगावर घेऊन उभा असलेला कडा. त्या खडकावर जाऊन उभं राहायचं, ही तिची जागा. तिथवरची पायवाट तिच्या तळव्यांना पाठ होती. कुठला दगड डळमळतो, कुठे शेवाळ धरलंय, सगळं.

"मी नाही जात आज," ती म्हणाली.

तिपाईच्या माथ्यावर इवल्याशा काचेत एक बुडबुडा असतो. तो मधोमध आला की क्षितिज सरळ. मास्तरांनी तो नुकताच मधोमध आणला होता. तो किंचित सरकला.

"गुडघा दुखतोय?"

"गुडघा रोजचाच आहे."

"मग?"

"मग काही नाही. आज तुम्ही उभे राहा. मी काढते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग शालीकडे, मग पुन्हा बुडबुड्याकडे. जणू या तिघांत जो आधी जागेवर येईल त्याच्याशीच बोलायचं त्यांनी ठरवलं होतं.

मास्तर तसे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांची नोकरी नकाशांच्या कचेरीत झाली, कागदावर डोंगर आखण्यात. फोटोचा नाद मात्र लग्नाच्याही आधीचा. आणि निवृत्तीनंतर रविवारी सकाळी हौशी मंडळींना डोंगरपाण्याचे फोटो काढायला शिकवू लागले, तेव्हा ते मास्तर झाले. नकाशाच्या पायथ्याशी मापाची पट्टी असते, तशी फोटोतही हवी, हा त्यांचा पहिला धडा. "मापाशिवाय डोंगर म्हणजे ढेकूळ," ते सांगत. "त्याच्यापुढे एक माणूस उभा करा. लहानसा, पाठमोरा. मग बघा डोंगर कसा अंग धरतो."

तो माणूस म्हणजे ती. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीपासून तीच. वर्गातल्या एका दातांच्या डॉक्टरने भिंतीवरचे फोटो बघून तिचं नाव 'पट्टीकाकू' ठेवलं, आणि ते चिकटलं. तीही तेव्हा हसली होती. चहाचा ट्रे हातात असताना माणूस दुसरं काय करणार?

काल संध्याकाळी ताईचा फोन आला नसता, तर आजही ती मुकाट्याने खडकावर गेली असती. दोघी बहिणींच्या शाळेची स्मरणिका निघायची होती आणि ताईला तिचा एक फोटो हवा होता. चेहरा दिसेल असा, एवढीच अट.

"बघते," म्हणून तिने कपाटं उघडली. फोन कानाशीच होता.

"लग्नातला आहे."

"त्यात तू खाली बघतेयस. भांग तेवढा छान आलाय."

"ओळखपत्रावरचा?"

"त्यात तुला नुकतं पकडून आणल्यासारखं वाटतं," ताई म्हणाली. मग जराशी थांबून, हसत, पण पुरतं हसू न देता: "अगं, फोटोवाल्याचं घर ना तुमचं? डोंगराशीच लग्न करायचं होतं त्यांनी. वऱ्हाडात आम्ही चढूनसुद्धा आलो असतो."

फोन ठेवल्यावर तिने ओलं फडकं घेतलं आणि बैठकीच्या भिंतीवरचे फोटो पुसायला काढले. कडे, पठारं, धुक्यात बुडालेली दरी. प्रत्येकात कुठेतरी एक लाल ठिपका, आणि तो पाठमोरा. काचेवरून फडकं फिरवता फिरवता तिने एका ठिपक्यावर बोटाचं टोक ठेवलं. ती पुरती झाकली गेली. बोटाच्या पेराएवढंही तिचं असणं नव्हतं. तिने बोट उचललं, पुन्हा ठेवलं. आतल्या खोलीत मास्तर उद्यासाठी लेन्स पुसत होते, शीळ घालत.

"आणि माप?" आता तळ्याकाठी मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी शाल पांघरू?"

"इतकी वर्षं मी पांघरली. मला कुठे चावली?"

"डॉक्टरनं हा फोटो बघितला तर उद्यापासून पट्टीकाका म्हणेल मला."

"म्हणू दे की. घरात एकाच माणसाला का नावं असावीत?"

मास्तर हसले नाहीत. तिच्या आवाजात काहीतरी निराळं होतं, आणि ते कशाचं आहे हे न कळल्यामुळे ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. ते शिकवू लागले.

"सगळं लावून ठेवलंय. कशाला हात लावू नकोस, फक्त बटण दाब. दाबण्याआधी चौकटीचे चारी कोपरे बघ, तिथेच एखादी फांदी घुसते. आणि टोकाला ऊन लागलं की लगेच नको. जरा खाली उतरू दे त्याला. घाई करणाऱ्याला नुसतं टोक मिळतं."

"रविवारी चहा देताना ऐकते मी सगळं."

"ऐकणं निराळं," असं पुटपुटत त्यांनी शाल खांद्यावर घेतली, आणि काठाकाठाने निघाले. डळमळत्या दगडावर त्यांचा पाय पडला, तेव्हा ती इथून "डावीकडून" म्हणाली. पण ते हळू म्हणाली, आणि ते पुढे गेले होते.

मग ती एकटी राहिली. वारा अजिबात नव्हता. गवताची पाती जशीच्या तशी उभी होती, आणि तळ्यात दुसरा एक कडा उलटा टांगलेला होता, इतका अचल की कुठला कुठल्याचं प्रतिबिंब हे सांगता येऊ नये. कॅमेऱ्यामागे ती याआधी कधी उभी राहिली नव्हती असं नाही. पिशवी धरायला, पावसात छत्री धरायला तीच असे. पण डोळा लावायला म्हणून उभं राहणं आजच. लांब पल्ल्याच्या लेन्सने दूरचा कडा ओढून खडकाच्या पाठीशी आणून ठेवला होता. मागच्या पडद्यावर सगळं चित्र होतं, आणि चित्राच्या आत एक लहानशी पांढरी चौकट.

ती चौकट तिला माहीत होती. रविवारचा तो धडा तर तिला झोपेतही म्हणता आला असता: चौकट कड्यावर ठेवा, भिंगाचं बटण दाबा, तेवढा भाग मोठा होऊन दिसेल, कड्याची भेग न् भेग काटेकोर दिसेपर्यंत लेन्सचं कडं फिरवा. माणूस थोडा पुसट झाला तरी चालेल. माणूस नुसता मापाला आहे.

आणि तरीही मास्तरांचे स्वतःचे कडे मऊ येत, म्हणजे जरासे पुसट. दिनदर्शिकेवाल्यांनी एकदा फोटो परत पाठवला होता, "कडा किंचित मऊ वाटतो," असं आदबीने कळवून. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. "वारा होता," मास्तर म्हणत. वर्गातले लोक माना डोलावत. डोंगरावर वारा असायचाच.

तिने भिंगाचं बटण दाबलं.

पडद्यावर कड्याच्या भेगा आल्या नाहीत. खडक आला. रिकामा खडक, त्याच्यावरचे शेवाळाचे डाग, आणि मधोमध घासून गुळगुळीत झालेली एक जागा, जिथे ती उभी राहत असे. सगळं सुईच्या अग्रासारखं स्पष्ट. चौकट कड्यावर नव्हतीच. ती जिथे ठेवलेली होती, तिथे अजून कोणी आलेलं नव्हतं.

हाताने चुकून सरकली असेल, असं तिला वाटलं. तिने कड्याकडे न्यायला बोट उचललं. आणि तेवढ्यात त्या चौकटीत लाल शाल आली, आणि शालीच्या वर मास्तरांचा चेहरा.

इतक्या लांबून इतका जवळ. दाढीचे पांढरे खुंट, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, चालून चालून उघडं राहिलेलं तोंड. चढाने लागलेला दम ते तिच्यापासून लपवत होते; ती आपल्याला बघू शकणार नाही अशा खात्रीने एका हाताने त्यांनी कंबर धरली होती. मग ते सरळ झाले आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिच्याकडे, तोंड करून उभे राहिले. ओठ हलले. आवाज पोचला नाही, पण ओठांवरून शब्द कळला: "जमेल ना हिला."

चौकट हलवायला उचललेलं तिचं बोट तसंच राहिलं.

आधी तिने कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, हा मास्तरांचा शिरस्ता होता. उजेड मोजायला एक चाचणी घ्यावी लागते, ते म्हणत. चाचणी झाली की हात वर करत आणि ओरडत, "वळ." मग ती पाठमोरी होई, आणि खरा फोटो निघे. पण तो हात वर व्हायला केवढा वेळ लागे. थंडीने दातांवर दात आपटत असत. ती मनातल्या मनात नाही, चांगली ओठ हलवून त्यांना बोल लावी, इतक्या लांब कोणाला ऐकू जाणार म्हणून. आणि पलीकडून हाक येई, "शिव्या नंतर दे. ती बट मागे घे आधी." पाठमोऱ्या बाईची कपाळावरची बट कुठल्या डोंगराला दिसणार होती? एकदा तर "वळ" म्हणेपर्यंत टोकावरचं ऊनच ढगाने खाल्लं, आणि मास्तर दिवसभर ढगाला नावं ठेवत बसले. आणि दर वेळी संध्याकाळी मलमाची डबी घेऊन तिच्या पायाशी बसत. "डावा ना?" ते विचारत. कोणता गुडघा दुखतोय ते तिने सांगितलेलं नसे.

कड्याच्या टोकाला ऊन लागलं.

"लागलं गं," तळ्यावरून हाक आली. "चौकट कड्यावर आहे ना, बघ. माझ्याकडे बघू नकोस."

"हो," ती ओरडली.

ऊन भेगांमधून एकेक पायरी खाली उतरू लागलं. तिने चारी कोपरे पाहिले. उजव्या कोपऱ्यात एक फांदी घुसली होती. तिपाई केसभर फिरवून तिने ती बाहेर काढली. मग पुन्हा भिंगातून पाहिलं. मास्तरांनी शालीचं टोक खांद्यावर नीट घेतलं होतं, आणि नीट घेतल्यामुळे ते फारच वेंधळे दिसत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की पडद्यावर दव पडलं, ते कळेना. तिने बोटाने पडदा पुसला. पडदा कोरडा होता.

"वळू का?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा."

"अगं, ऊन जाईल."

"जाऊ दे. थांबा जरा," ती म्हणाली. आणि तिने बटण दाबलं.

संध्याकाळी मास्तर संगणकापुढे बसले. ती चहा घेऊन आली आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सकाळचा फोटो पडदाभर झाला. तळं, खडक, लाल शालीतला म्हातारा आणि त्याच्यामागे उन्हाने अर्धा भरलेला कडा. मास्तरांनी सवयीने कड्यावर नेऊन चित्र मोठं केलं.

"वळलेला कुठाय?"

"तो नाही काढला."

"हा तर नुसता चाचणीचा झाला," ते म्हणाले. मग चष्मा सावरून पुढे वाकले. "आणि कडा मऊ आलाय."

"वारा होता," ती म्हणाली.

फोटोतल्या तळ्यावर एक रेघसुद्धा हललेली नव्हती. उलटा कडा पाण्यात जसाच्या तसा होता. मास्तर बराच वेळ त्या पाण्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी चित्र सरकवत खडकावर आणलं, स्वतःच्या चेहऱ्यावर. कंबरेवरून काढलेल्या त्या हातावर. मागे वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

चहा निवत होता.

"काल ताई कशाबद्दल बोलत होती?" त्यांनी विचारलं.

"फोटो हवाय तिला माझा. चेहरा दिसेल असा."

"कधीपर्यंत?"

"उद्या."

मास्तरांनी मान हलवली. संगणकात कुठेतरी खोल, ती कधी गेली नव्हती अशा ठिकाणी, ते एकेक दार उघडत गेले. पडदा लहान लहान चित्रांनी भरला. वरून खाली, आणि खाली सरकवलं तर आणखी खाली. कुठे पठार, कुठे दरी, कुठे हाच खडक, निरनिराळ्या वर्षांचा. सगळ्यांत लाल ठिपका.

"ही कसली?"

"चाचण्या," मास्तर म्हणाले. "जुन्या रोलवरच्यासुद्धा आहेत. उतरवून ठेवल्या होत्या."

ते उठले, आपली खुर्ची तिच्याकडे वळवली, आणि भिंतीजवळचं स्टूल ओढून स्वतः शेजारी बसले.

"तुझा चष्मा आण," ते म्हणाले. "वेळ लागेल."