तळहातावरची अक्षरं

ग्रंथपालबाईंचा खांदा आता बोलू लागला होता. दुखत तर केव्हाचा होता, पण आज खोका उचलला की त्यातून ‘कट्’ असा आवाज यायचा. आणि गंमत बघा, समोर ढीग कसला, तर सुया टोचून दुखणी घालवण्याच्या पुस्तकांचा! बाईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. निम्मी पुस्तकं चिनी लिपीत होती.

पुस्तकं दिली होती सुईवाल्या डॉक्टरांनी. आयुष्यभर लोकांच्या अंगात सुया टोचल्या आणि डोळे गेल्यावर काही दिवसांनी सगळा संग्रह वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. त्यांच्या सुनेने खोके भरून वर खडूने लिहिलं होतं: डोकं, पोट, पाय. डॉक्टरांच्या घरी कपाटच तसं लावलेलं. वरच्या कप्प्यात डोक्याच्या दुखण्यांची पुस्तकं, तळाला पायांची. पण हे बाईंना कोणी सांगायला नको का? त्यांना वाटलं, हमालांसाठी खूण असेल. हा खोका डोक्यावरून न्या, हा पोटाशी धरा, हा पायाशी टेकवा. त्यांनी सगळे खोके एकत्र रिकामे केले आणि आकाराप्रमाणे चळती रचल्या. झालं, लागली वाट!

इंग्रजी पुस्तकांना क्रमांक मिळाले. चिनी तशीच पडून राहिली. फोनमधल्या भाषांतराने त्या जुन्या छपाईपुढे हात टेकले. एका पुस्तकाचं नाव त्याने ‘सासूचा पूल’ असं सांगितलं. महाविद्यालयाच्या साहेबांनी बजावलं होतं, “उद्यापर्यंत विषय लागले नाहीत तर ही सगळी तळघरात. उगाच जागा अडवून बसलीत.” तळघराच्या भिंतींना ओल. तिथे गेलेलं पुस्तक परत वर आलेलं बाईंनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

आणि नेमके आजच डॉक्टर आले, सुनेचा हात धरून.

“लागलं का हो आमचं कपाट?”

बाईंच्या अंगात खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “डॉक्टर, मी घोळ घातलाय,” त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी चाचपडत एका चळतीवरून हात फिरवला. ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

“डोळे गेल्यावर तो क्रमच माझे डोळे होता हो, बाई,” ते म्हणाले.

बाईंना रडू आलं. लाजेनं आलं की दमल्यामुळे, कोण जाणे. तेवढ्यात डॉक्टरांनी आपला तळहात पुढे केला.

“तुम्हाला लिपी येत नाही, पण रेघोट्या तर दिसतात ना? पुस्तकाचं नाव इथे काढा. बोटानं.”

बाईंनी चाचरत बोट टेकवलं.

“अहो, खालून वर कुठे निघालात? घर बांधताय का? वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आणि चौकट आली की खालची रेघ सगळ्यात शेवटी. आतली माणसं आत गेल्याशिवाय दार लावू नये!”

“पुन्हा काढते.”

“हां, आता कसं! पोट. हे पोटाचं.”

सून चिठ्ठी चिकटवायची, बाई पुढचं पुस्तक उचलायच्या. मध्येच नवऱ्याचा फोन आला, तर “कुकर तुम्हीच लावा आज” म्हणून बाईंनी तो ठेवूनही दिला. बोट दुखायला लागलं की दुसरं बोट घ्यायच्या. गुडघा, कंबर, दात, पुन्हा पोट. ढीग उतरत गेला.

शेवटचं पुस्तक बारीकसं होतं, हाताळून हाताळून मऊ पडलेलं. बाईंनी नावातलं पहिलंच अक्षर काढलं. उभी चौकट, आत दोन आडव्या रेघा.

डॉक्टरांची मूठ मिटली. “हे जाऊ दे तळघरात.”

“का हो?”

त्यांनी हात मागे घेतला. सून हळूच म्हणाली, “डोळ्यांचं आहे ते. त्यात बघून बाबा वर्षभर स्वतःलाच सुया लावत होते.”

“गावभरच्या लोकांना उतार पडला,” डॉक्टर म्हणाले, “आणि माझ्याच वेळी सगळं फुकट गेलं. नकोच ते.”

“हे बघा डॉक्टर, आज मी मर मर मेलेय,” बाई एकदम चिडून म्हणाल्या. “आता एकही पुस्तक खाली जाणार नाही. डोक्याच्या कप्प्यात जागा आहे.” त्यांनी हात वर केला, खांदा ‘कट्’ वाजला आणि पुस्तक जागेवर बसलं.

तिघंही तशीच बसून राहिली. उठायची ताकद कोणातच नव्हती. मग डॉक्टरांनी मूठ उघडली आणि तळहात पुढे केला.

“ते अक्षर परत एकदा काढा. मघाशी नीट लागलं नाही.”

चांगलं लागलं होतं. बाईंना ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आधी चौकटीच्या तीन बाजू काढल्या, मग आतल्या दोन रेघा, आणि खालची रेघ सगळ्यात शेवटी ओढली.