पाठ केलेली साक्ष

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

बाबा दाढी करत होते. आरसा खिडकीच्या गजाला टेकवलेला होता आणि ठाण्यातून आलेला कागद माझ्या हातात होता.

"दिनांक चार मार्च रोजी मी पहाऱ्यावर असता, पुनाजी नावाचा इसम नशेत झोकांड्या खाताना दिसला. कोठडीत नेत असता तो पायरीवरून पडला व त्याच्या डोक्यास मार लागला. त्याच्या..."

"त्याच्या कपड्यांना," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मले."

"मग म्हणा."

बाबांनी गालाला पुन्हा साबण लावला. साबण आधीच लावलेला होता.

कागदावर वाक्य होतं : त्याच्या कपड्यांना मोहाच्या दारूचा वास येत होता. तिसऱ्यांदा ते तिथेच अडले होते. मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. मूल अडतं तिथे शब्द अवघड असतो, एवढं मला ठाऊक होतं. यात अवघड असं काही नव्हतं.

बाबा एकवीस वर्षं पोलिसात शिपाई होते. डोमाजी शिपाई म्हटलं की आसपासच्या दहा गावांत ओळखत. साक्ष असली की ठाण्याचा मुन्शी कागद लिहून देई आणि बाबा तो पाठ करत. आई होती तोवर आई कागद धरून बसे, नंतर मी. दुसऱ्या घरांत पाढे म्हणत, तसं आमच्याकडे हे चाले. कागदातलं खरं किती, हे आईने कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मुन्शी रूपराव सायकलवरून आले आणि दारातूनच बोलले, "काय डोमा, झाला का पाठ? का मास्तरणीनं नापास केलं?"

"होईल," बाबा म्हणाले.

"होईल नाई, झाला पायजे. साहेबानं ईचारलं. अकरा वाजता कचेरीत. त्या पुनाजीच्या गोंडणीनं वकील लावला हाय, नानाजी. फुकटात उभा राहून राह्यला म्हणे तो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, याले सांगा, नोकरीची चार सालं उरली हायेत. पेन्शन खायचं का दगड?"

"सांगते," मी म्हटलं. आणि रूपराव गेल्यावर खरंच सांगितलं. "बाबा, एकच तर वाक्य आहे. म्हणून टाका."

ते माझं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

पुनाजीचा गुन्हा काय, ते गावाला माहीत होतं. ठाणेदारसाहेबांना जंगलातलं सागवान जाम गावच्या सडकेपर्यंत न्यायचं होतं, त्यासाठी पुनाजीची बैलगाडी हवी होती, फुकट. दोनदा तो गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, बैल थकले. त्याला ठाण्यात नेलं ते सकाळी. दुपारी त्याच्या बायकोला, रामबाईला, निरोप गेला की प्रेत घेऊन जा.

कचेरीच्या आवारात चिंचेखाली नानाजी वकील उभे होते. काळा कोट खांद्याशी विटलेला. रामबाई त्यांच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसली होती. वकिलांनी बाबांना नमस्कार केला. बाबांना वकिलांच्या नमस्काराची सवय नव्हती.

"डोमाजी, मी तुम्हाले घोळात घेणार नाई," ते म्हणाले. "एकच गोष्ट ईचारीन. डॉक्टरानं लिहिलं हाय, सदऱ्याले दारूचा वास. पोटात दारू होती, असं नाई लिहिलं. माणूस दारू पोटात घेते का सदऱ्याले पाजते?"

बाबांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"ठाण्याची चार माणसं सांगून गेली. चौघांचा शब्द न् शब्द एक. आता तुमीच राह्यले."

"मी सरकारी माणूस हाओ, वकीलसाहेब."

"म्हणूनच ईचारून राह्यलो."

वकील आत गेले. रामबाईने बाबांकडे पाहिलं नाही. ती पदराच्या काठातला एक दोरा ओढत होती आणि तो संपत नव्हता.

मी बाहेरच्या खिडकीशी उभी राहिले. आत मॅजिस्ट्रेटसाहेब, ठाणेदारसाहेब, रूपराव. बाबांचा पुकारा झाला. कारकुनाने नेहमीप्रमाणे वर न पाहता म्हटलं, "म्हणा, ईश्वराला हाजर-नाजर समजून खरं सांगीन."

बाबा कारकुनाच्या लेखणीकडे पाहत राहिले.

"म्हणा."

"मले हे म्हनता येनार नाई, साहेब."

मॅजिस्ट्रेटांनी मान वर केली. "का?"

"मी बौद्ध झालो."

रूपराव हसले. "साहेब, केळझरले गणपतीच्या रांगेत हाच उभा राहे."

"बंदोबस्ताले उभा राहो," बाबा म्हणाले.

आदल्या साली दसऱ्याला आम्ही दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. परतीच्या गाडीत बाबा एकेक प्रतिज्ञा बोटांवर मोजत होते आणि खोटं न बोलण्याच्या प्रतिज्ञेपाशी आले, तेव्हा खिडकीबाहेर पाहू लागले होते. त्यानंतरची ही त्यांची पहिली साक्ष. मी हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. मी दाढीच्या वेळी कागद धरून बसले होते.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "हरकत नाही. नुसतं प्रतिज्ञेवर सांगा. देवाचं नाव नको."

"मंग कोनाचं नाव घेऊ?"

"कुणाचंच नाही. तुमचं तुम्ही सांगायचं."

बाबांनी पट्टा सरळ केला. मग म्हणाले, "मी डोमाजी, प्रतिज्ञेवर खरं सांगतो." आणि पाठ सुरू केला. चार मार्च, पहारा, झोकांड्या, पायरी, मार. एकही शब्द चुकला नाही. "त्याच्या..." म्हणाले आणि थांबले.

खिडकीबाहेर माझे ओठ हलले. त्याच्या कपड्यांना. वर्गात मूल अडलं की हलतात तसे. बाबांनी ते पाहिलं.

नानाजी वकील उठले. "कपड्यांले वास होता?"

"होता."

"कुठून आला?"

"मी शिपडली."

कारकुनाची लेखणी थांबली. बाबा त्याच आवाजात पुढे बोलत राहिले. "मालखान्यात जप्तीची बाटली होती. ठाणेदारसाहेबानं हुकूम केला, मी शिपडली. तवा तो मरून घंटाभर झालता. तो पायरीवरून पडला नाई. झोकांड्याबी नाई. त्याले कोठडीत मारलं. मी दाराशी उभा होतो."

"तुम्हाले कळते ना, हे तुमच्यावरबी येईल?" वकिलांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"कळते."

मग कुणी काही न विचारताच बाबा म्हणाले, "त्याची उजवी मूठ मिटेल होती. उघडून उघडे ना. बाहीवर दारू टाकाची राह्यली, म्हनून मी मूठ धरून हात उचलला. हात थंडा होता."

बाहेर रामबाईने दोरा सोडला.

ठाणेदारसाहेबांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. पुनाजीच्या कागदावरून 'नशेत' हा शब्द गेला. मरणाचं कारण म्हणून दुसरं काही लिहिलं गेलं नाही. पुरावा बनवल्याबद्दल बडतर्फ झाले ते एकटे बाबा. कोट, पट्टा, पितळी नंबर त्यांनी स्वतः नेऊन जमा केले. रूपरावांनी पावती दिली आणि चहा विचारला. बाबा चहा पिऊन आले.

नंतर ते आर्वीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांवर राखणीला जात. नानाजी वकील कधी भेटले तर दोघं बैलांविषयी बोलत. घरी जेवायला बसण्याआधी बाबा राखेने हात घासत, उजवा जास्त वेळ. मी पाणी घालत असे.

दहा महिन्यांनी, जानेवारीत, छातीत कळ येऊन ते गेले. बाजाराचा दिवस होता. अंगणात माणसं जमली होती. रामबाई जळणाची मोळी डोक्यावर घेऊन बाजाराकडे चालली होती, ती फाटकाशी थांबली.

"डोमाजी शिपाई ना?" तिने मला विचारलं.

"हो."

"त्यानंच शिपडली व्हती?"

"हो."

"अन् त्यानंच सांगतलं."

मी मान हलवली. मग तिने मोळी अंगणात उतरवली, सरणासाठी लाकडं रचली होती तिथे, आणि बाजाराकडे न जाता आल्या वाटेने गावाकडे परत गेली.

संध्याकाळी माणसं गेल्यावर मी अंगण झाडलं. कुंपणाशी तिची चुंबळ पडली होती, जुन्या लुगड्याची, डोक्याच्या आकाराला बसलेली. मी ती झटकली आणि पट्ट्याच्या रिकाम्या खुंटीला अडकवली. पुढच्या बाजारी ती मोळी घेऊन दारावरून गेली. डोक्यावर नवी चुंबळ होती. मी हाक मारली नाही.